घोड्याचं कातडं आणि सूतभर वाकडी टीप

अमेरिकेत ओहायोतल्या डेटनच्या हवाई दल संग्रहालयात लोक दुसऱ्या महायुद्धातल्या ‘मेम्फिस बेल’ या विमानापुढे उभे राहून फोटो काढून घेतात. त्या दिवशी मी मात्र दुसऱ्याच एका काचेला नाक लावून आतल्या वैमानिकी चामडी जॅकेटच्या खिशाची टीप बघत होते. डाव्या खिशाच्या खालच्या गोलाईवर ती चांगली सूतभर भरकटली होती. शिवणारीनं (मला ती बाईच वाटली) तिथं पाय थांबवला नव्हता. गेली तशी पुढं नेली होती.

मी शिंप्याची मुलगी. कराडला आबांचं दुकान ३५ वर्षं चाललं आणि शाळेतून आले की काजं-बटणं आणि तुरपाई माझ्याकडे असायची. कपडा दिसला की आधी उलटा करून बघायचा, ही तेव्हापासूनची खोड. काचेआडचं जॅकेट काही उलटं करता येत नाही. ती खोड भागवायला तसंच जॅकेट स्वतः शिवायला घेतलं; त्यात पुढचे दहा महिने गेले आणि नवऱ्याच्या हिशेबानं एका चांगल्या फ्रिजचे पैसे.

जॅकेटचं नाव ए-टू. अमेरिकी लष्कराच्या हवाई शाखेनं ते ९ मे १९३१ रोजी मंजूर केलं. आधीच्या ए-वनला बटणं होती आणि कॉलर लोकरीची, विणलेली. याला पुढून चेन आली आणि शर्टासारखी चामड्याची कॉलर. बेत तसा साधाच: झाकणाचे दोन खिसे, खांद्यांवर पट्ट्या, मनगटांना आणि कमरेला लोकरीचं विणकाम, पाठ एकाच तुकड्याची. लष्करी विमानांच्या सामानाचे नमुने तेव्हा इथल्याच राइट फील्डवर ठरत आणि आजचं संग्रहालय त्याच जुन्या राइट फील्डच्या जागेवर उभं आहे. म्हणजे १२ वर्षं मी ज्या रस्त्यानं किराणा आणायला जाते, त्याच्या कडेला हा बेत शिजला होता आणि मला पत्ता नव्हता.

आराखडा एकच, क्रमांक ३०-१४१५. शिवणारे मात्र बरेच. पेनसिल्व्हेनियातली रफ वेअर, न्यूयॉर्क राज्यातल्या बीकन गावची एरो लेदर, शिकागोची ड्यूबो, अशी कितीतरी. आराखडा पाळूनही प्रत्येकाची कॉलर निराळी, खिशाची गोलाई निराळी. म्हणून या नादातले लोक ‘ए-टू’ शिवत नाहीत, एखादं ठरावीक कंत्राट शिवतात, म्हणजे एका कंपनीनं एका सरकारी कंत्राटात शिवलेल्या जॅकेटची नक्कल. मी रफ वेअरचं ४२-१४०१-पी निवडलं. त्यातले ४२ म्हणजे १९४२ हे आर्थिक वर्ष. निवडीमागं अभ्यास वगैरे काही नव्हता. त्या कंत्राटाचं मूळ जॅकेट असलेले एक संग्राहक आमच्यापासून गाडीनं दीड तासावर राहत होते, एवढंच.

त्यांच्यापर्यंत पोचण्याआधी मी एक आडवाट धरून पाहिली होती. तयार नक्कल करणारी मोठी घराणी आहेत: जपानात रिअल मॅकॉय्ज आणि बझ रिक्सन्स, इंग्लंडात ईस्टमन, स्कॉटलंडात गॅलाशील्सची एरो. ही माणसं नुसता रंग आणि आकार जुळवून थांबत नाहीत, टाका आणि दोरासुद्धा जुळवतात. किंमत अर्थात हजार डॉलरच्या पुढं, बऱ्याचदा बरीच पुढं. मी विचार केला, त्याच्या दशांश पैशात मिळणारं ‘अस्सल घोड्याच्या चामड्याचं’ जॅकेट मागवू, उसवू आणि त्यावरून फरमे काढू. ते आलं. पाठ मधोमध जोडलेली, खिशांना बाजूनं हात घालायची जागा, आणि चामडं म्हणाल तर वर रंगाचा जाड थर, नखानं खरवडला की पापुद्रा निघतो. ज्यानं विकलं त्याचं नाव सांगण्यात अर्थ नाही, असे खूप आहेत. पण उसवताना एक गोष्ट कळली आणि ती फार उपयोगी पडली. दोरा निघून गेला तरी भोकं राहिली. कापडाची शिवण उसवली, पाणी मारून इस्त्री फिरवली की पुन्हा कोरं कापड हातात येतं. इथं जिथं जिथं सुई गेली तिथं तिथं ती कायमची गेली होती.

संग्राहक आजोबांनी मूळ जॅकेट जेवणाच्या टेबलावर चादर पसरून ठेवलं आणि म्हणाले, दोन तास आहेत. मी टेप, बटर पेपर आणि मऊ पेन्सिल घेऊन गेले होते. कडांवर कागद ठेवून शिवणींचे ठसे घेतले. ८० वर्षांच्या चामड्याला वास राहिलेला नसतो असं मला वाटायचं. असतो. जुन्या कपाटाचा आणि थोडा तंबाखूचा. अस्तर सुती, काखेत विरलेलं. अगदी आधीच्या कंत्राटांना अस्तर रेशमी होतं, ते पुढं सुती झालं. मनगटाचं विणकाम कुणीतरी बदललेलं होतं; कसर आधी लोकर खाते, मग दुसरं काय दिसतंय ते बघते. आणि शेवटी मी, अर्थातच, ते उलटं केलं. आत शिवणीची जास्तीची कड कुठं तीन सूत, कुठं जेमतेम दोन. खिशाच्या झाकणाचं दाबबटण वरून दिसू नये म्हणून आतल्या थरालाच ठोकलेलं. कॉलरच्या टोकांचंही तसंच. वाऱ्यानं कॉलर फडफडू नये म्हणून खाली दाबबटण, वरून काही नाही. मला त्या अनोळखी बाईचं कौतुक वाटलं. घाई होती, पण लपवायचं तिथं नीट लपवलं होतं.

घरी येऊन फरमे आखले आणि आधी मांजरपाटाचं जॅकेट शिवलं. इथं मांजरपाट ‘मस्लिन’ या नावानं मिळतो, जे ऐकून ढाक्याच्या कोष्ट्यांना काय वाटेल कोण जाणे. जॅकेट नवऱ्यासाठी होतं. मूळ माप ४०, त्याचंही छातीचं माप ४०, म्हणून मी निर्धास्त होते. चेन छातीपर्यंत आली आणि पोटावर तोंड उघडून बसली. १९४२ मधली ही मापं विशीतल्या पोरांची. कंबर अरुंद, मुंढा वर, लांबी इतकी आखूड की वाकलं की पाठीवर गार वारा लागावा. विमानात बसलेल्या माणसाला लांब जॅकेट मांडीवर गोळा होतं, म्हणून आखूड. माझा माणूस ४७ वर्षांचा, तो बसतो खुर्चीत, मीटिंगमध्ये. घेर दोन इंच सोडला तर बेत मोडतो, न सोडला तर माणूस मावत नाही. शेवटी ४२चं माप धरून खांदे थोडे आत घेतले. तीन वेळा मांजरपाट कापला. तिसऱ्यांदा तो म्हणाला, “हेच घालतो की, चामड्याचं कशाला?”

चामडं घोड्याचं का, हे मला सगळे विचारतात. त्या काळी अमेरिकेत शेतावर आणि गाड्यांना घोडे भरपूर, त्यामुळं कातडं सहज मिळायचं. दिसायला गुळगुळीत, झिजायला चिवट. काही कंत्राटांत बकऱ्याचंही वापरलं, आणि १९८८ मध्ये अमेरिकी हवाई दलानं हे जॅकेट पुन्हा द्यायला सुरुवात केली तेव्हा बकऱ्याचंच घेतलं. आता घोड्याचं चांगलं चामडं मोजक्या ठिकाणी कमावलं जातं. जपानातल्या हिमेजीचं नाव यात फार मोठं. मला परवडलं ते साधं, झाडाच्या सालीत कमावलेलं, सव्वा मिलिमीटर जाडीचं, घोड्याच्या पुढच्या धडाचं. मागच्या भागाचं जाड असतं, ते बुटांना जातं. ४० चौरस फूट घेतलं. अंगणातून गुंडाळी आत आणली तर अख्ख्या घराला ओल्या लाकडासारखा वास.

आबांना व्हिडिओवर दाखवलं.

“घोड्याचं? आणि ते अंगात घालणार?”

“हो.”

“अगं, घोड्यावर बसायचं असतं. घोडं अंगावर घ्यायचं नसतं.”

मग मात्र त्यांच्यातला कारागीर जागा झाला. उभा धागा कुठला, आडवा कुठला, असं विचारायला लागले. मी म्हटलं, याला धागाच नाही. ते जरा वेळ गप्प बसले. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला तो दुकानाशेजारच्या तात्यांच्या घरून. तात्यांनी उभा जन्म कोल्हापुरी वहाणा शिवण्यात घालवला आहे. लहानपणी त्यांची रापी, म्हणजे चामडं कापायची सुरी, चालताना बघत मी तासन् तास बसायचे.

“ताई, कशात कमावलंय?” त्यांचा पहिला प्रश्न.

“झाडाच्या सालीत.”

“मग आपल्यातलंच हाय. आमी हिरडा नि बाभळीची साल घालतो.” मग त्यांनी मला चामडं कॅमेऱ्यापुढं धरून ओढायला लावलं. या बाजूनं ओढ, आता त्या बाजूनं. “पाठीकडचं दम धरतंय, पोटाकडचं लय ताणतंय. जिथं ताण यायचा तिथं पोटाकडचं घेऊ नगंस. बाहीच्या आतल्या अंगाला खपव.”

मी ४० चौरस फुटांवर खडूनं रेषा मारत दोन दिवस जमिनीवर रांगले. मानेच्या सुरकुत्या, तारेच्या कुंपणानं पडलेले ओरखडे, कुठं एखादी जुनी जखम. एकसंध पाठीसाठी दोन फुटांचा स्वच्छ तुकडा लागतो आणि तो काढला की उरलेल्या चामड्यात तुम्ही भिकारी. तेव्हा कळलं, त्या स्वस्त जॅकेटवाल्यानं पाठ मधोमध का जोडली होती. एकसंध पाठीपायी बाकीचं कितीतरी चामडं वाया जातं, आणि सरकारनं तरीही ती मागितली होती. एक ओरखडा मी मुद्दाम डाव्या बाहीवर येऊ दिला. घोड्याचाही काही इतिहास असेल की.

चामडं कात्रीनं कापायचं नाही, ब्लेडच्या पातीनं ओढत न्यायचं. पाठ सगळ्यात आधी कापली. पाती लावायच्या आधी मी चहा केला, प्यायला विसरले, पुन्हा केला.

मशीन जुनी जुकी, वरचा पायही खालच्या दातांबरोबर पाऊल टाकणारी. साध्या मशीनचा पाय चामड्याला चिकटून बसतो, वरचा थर मागं राहतो आणि खालचा पुढं सरकतो. टाचण्या लावायच्या नाहीत, कारण टाचणीचंही भोकच. कडा रबराच्या लुकणानं चिकटवायच्या, नाहीतर चिमटे लावायचे. जिथं चार थर एकत्र येतात तिथं कड रापीसारख्या सुरीनं तासून पातळ करायची. शिवण झाली की उघडून लुकण लावायचं आणि हातोडीनं ठोकायची. आबांना हे फार खुपलं. “इस्त्री नाहीच?” नाहीच. गरम इस्त्री लागली की चामडं आक्रसतं. ३५ वर्षं ज्या माणसानं प्रत्येक शिवण इस्त्रीखाली घातली, त्याला मुलगी हातोडी मारताना बघणं जड गेलं असावं. ते म्हणाले, “लोहाराकडं दिली असती तरी चाललं असतं.”

टाका इंचाला आठ-नऊ. मला बारीक टाक्याची सवय, पण इथं बारीक टाका घातला की पोस्टाच्या तिकिटांच्या पानासारखी भोकांची रांग तयार होते आणि जॅकेट तिथंच फाटतं. सुई १८ नंबर, टोकाला धार असलेली. ती चामडं बाजूला सारत नाही, कापत जाते.

खिसे पाठीच्या आधी करायचे ठरवलं होतं. उजवा झाला, मला स्वतःलाच आवडला. डावा मी रात्री अकरा वाजता घेतला. मुलीला दुसऱ्या दिवशी सहलीला जायचं होतं, तिचा डबा, तिचे मोजे, आणि मध्ये खिसा. खालच्या गोलाईवर पाय जरा जास्त दाबला गेला आणि टीप बाहेर गेली. थांबले. उसवायला टोचा हातात घेतला. मग ठेवला. उसवलं असतं तर एक सरळ रांग आणि शेजारी एक रिकाम्या भोकांची वाकडी रांग, जन्मभर. नवा खिसा कापायला त्या रंगाचं चामडं उरलं नव्हतं. मशीन बंद केली आणि झोपले. झोपले म्हणजे आडवी झाले.

कॉलर आणि चेन यांबद्दल जास्त लिहीत नाही, नाहीतर पुन्हा चिडचिड होईल. एवढंच सांगते, चामडं ताणतं आणि चेनचा पट्टा ताणत नाही. त्यामुळं पहिल्या बैठकीला पुढची कड कोयनेच्या पाण्यासारखी लाटा मारत होती. मूळ जॅकेटांना टॅलन, क्राऊन, कॉनमार अशा चेन असत. टॅलन पेनसिल्व्हेनियातल्या मीडव्हिल गावची. युद्धाआधीची न वापरलेली टॅलन आजही मिळते, पण त्या पैशात मला आणखी एक घोडा आला असता, म्हणून मी नवी, जुन्या घाटाची घेतली. कडेला आधी न ताणणारी सुती फीत चिकटवली, मग चेन बसवली. लाटा गेल्या. भोकांच्या दोन रांगा चेनच्या पट्टीमागं लपल्या. त्या बाईला पण असं कधी करावं लागलं असेल का? तिच्यापुढं तर दिवसाला किती नग, याचा हिशेब होता.

अस्तर म्हणजे माझं माहेर. दोन संध्याकाळी, इस्त्री मारत, गुणगुणत. ते कापताना आबांना ‘हंप’ची गोष्ट सांगितली. १९४२ पासून आसामच्या छबुआ, दिनजान अशा धावपट्ट्यांवरून अमेरिकी विमानं हिमालय ओलांडून चीनला कुनमिंगपर्यंत सामान न्यायची. तिकडच्या वैमानिकांच्या जॅकेटांवर, पाठीला किंवा अस्तरात, चिनी झेंड्याचा एक तुकडा शिवलेला असे. त्यावर चिनी भाषेत लिहिलेलं, की हा परदेशी माणूस आपल्याला लढाईत मदत करायला आला आहे, सैनिकांनी आणि लोकांनी याला वाचवावं. आणि या आघाडीवरच्या जॅकेटांवरची कितीतरी बोधचिन्हं आपल्याकडच्या बाजारांतल्या कारागिरांनी केली. कुणी जरीचं भरतकाम केलं, कुणी रंगीत चामड्याचे तुकडे कापून एकावर एक बसवले.

आबांनी फक्त विचारलं, “मजुरी काय मिळायची?”

मला माहीत नव्हतं. आबांना ते उत्तर आवडलं नाही.

१९४३ मध्ये चामडी जॅकेटांची नवी कंत्राटं थांबली आणि कापडी जॅकेटं आली. पोरांनी मात्र जुनी सोडली नाहीत. फाटली तर शिवली, विणकाम बदललं. लष्कराच्या डेपोत कितीतरी तांबूस जॅकेटांना पुन्हा गडद तपकिरी रंग देऊन ती दुसऱ्याला दिली गेली. म्हणजे आज आपण ज्याला मूळ म्हणतो त्यातही कुणाकुणाचे हात.

राहता राहिलं लेबल. कॉलरखाली, मानेशी, विणलेलं लेबल येतं: प्रकार, आराखड्याचा क्रमांक, कंत्राटाचा क्रमांक, शिवणारी कंपनी आणि खाली ‘लष्कराच्या हवाई दलाची मालमत्ता’. याच्या हुबेहूब नकला विकत मिळतात. मी एक आणलीही होती. संग्राहक आजोबांनी सांगितलेलं होतं की नवं जॅकेट घासून, उन्हात टाकून, जुनं लेबल लावून अस्सल म्हणून खपवणारे लोक आहेत आणि ते स्वतः एकदा फसले आहेत. मी लेबल मानेशी धरून पाहिलं. ही मालमत्ता हवाई दलाची नव्हती. माझ्या क्रेडिट कार्डाची होती. वैमानिक रंगवायचे तसे, एका मोहिमेला एक, पाठीवर बॉम्ब रंगवू का, असं मुलीनं विचारलं होतं, तेव्हाही मी नाही म्हटलं होतं. ज्या मोहिमा कुणी केल्याच नाहीत त्या मोजायच्या कशा?

मग मला सुचलं, आबांचं लेबल लावावं. त्यांच्या दुकानाची विणलेली लेबलं, पँटच्या कमरेला आतून लावायची, अजून एका डब्यात आहेत हे मला माहीत होतं. मावसभाऊ येणार होता, त्याच्याबरोबर दोन पाठवा म्हटलं.

“कशाला?”

“जॅकेटला लावते. मानेशी.”

“ते मी शिवलेलं नाही.”

“आबा, तुम्हीच शिकवलंय ना सगळं?”

“शिकवलं शर्टाचं. माझ्या नावानं काही उसवलं तर लोक माझ्या दारात यायचे. हे उसवलं तर कुणाच्या दारात जायचं?”

लेबल आलं नाही. मावसभाऊ चिवडा आणि भाकरवडी घेऊन आला. मानेशी लेबलाची जागा कोरी आहे, फक्त खुंटीला अडकवायचा चामड्याचा पट्टा.

नोव्हेंबरच्या पहिल्या थंडीत नवऱ्यानं ते घातलं. हात वर केला की नव्या चामड्याचा करकर आवाज येतो. मी आबांना फोन लावला, त्याला पुढून, मागून, बाजूनं फिरवलं. आबा चष्मा कपाळावरून खाली घेऊन बघत होते. खांदे चांगले बसलेत म्हणाले. बाही थोडी पुढं वळलीय ती बरोबर आहे का, विचारलं. गाडीच्या चाकावर हात ठेवायचा तर तशीच हवी, मी म्हटलं. मग म्हणाले, जरा जवळ ये, डावा खिसा दाखव.

मी दाखवला.

“खाली टीप वाकडी गेलीय.”

“मूळ जॅकेटाचीही तिथंच वाकडी आहे, आबा. मी संग्रहालयात बघितली.”

“त्यांची घाईनं गेली असंल, लढाई चालली होती,” आबा म्हणाले. “तुझी कशानं गेली?”

मी फोन कॉलरकडे वळवला आणि दाबबटण उघडून दाखवलं.